उन्हाळ्यातला बर्फ आणि हिमस्खलन: गावाकडून येणारे नेहमीचे प्रश्न

मी बुलडाणा जिल्ह्यातला. फौजेत सतरा वर्षं काढली, त्यातले तीन हिवाळे काश्मीरमधल्या उंचावरच्या चौक्यांवर गेले. आता गावातल्या पोरांची भरतीची तयारी घेतो. मार्च लागला की फोन सुरू होतात. कुणाचा पोरगा ट्रेकला निघालेला असतो, कुणाची आई केदारनाथला, कुणाचा भाऊ वर ड्युटीवर. दरवर्षी तेच प्रश्न येतात, म्हणून एकदा बसून लिहून काढले. प्रश्न ज्याने जसा विचारला, जवळपास तसाच ठेवला आहे.

१. हिमस्खलन म्हणजे नेमकं काय होतं? बर्फ तर वितळून वाहून जातो, तो कोसळतो कसा?

डोंगरावरचा बर्फ हा एकच गठ्ठा नसतो. नोव्हेंबरपासून जेवढ्या वेळा पडला तेवढे थर एकावर एक बसलेले असतात आणि प्रत्येक थराचा स्वभाव वेगळा असतो. हिवाळ्याच्या सुरुवातीला बर्फ पातळ असतो. खाली जमीन ऊबदार आणि वर हवा कडक थंड, त्यामुळे बर्फातली वाफ वर सरकत राहते आणि तळाच्या बर्फाचे सुटे, साखरेसारखे दाणे होतात. त्यांची एकमेकांना पकड नसते. पुढे जानेवारी-फेब्रुवारीत त्यावर दीड-दोन मीटर बर्फ चढतो.

अडत्याच्या दुकानात फरशीवर सोयाबीन सांडलेलं असताना त्यावर पोत्यांची थप्पी लावून पाहा. थप्पी दिसते भक्कम, पण खालचे दाणे सरकले की सगळी एकदम घसरते. डोंगरावर तेच होतं, फक्त ती थप्पी एखाद्या वावराएवढी असते. वरचा कडक थर पाटीसारखा तडकतो आणि अख्खा खाली येतो. दुसरा प्रकार सुट्या बर्फाचा. तो एका बिंदूतून सुटतो आणि खाली जाताना सुपासारखा पसरत जातो. उन्हाळ्यात हा दुसरा प्रकार जास्त दिसतो.

२. मार्चनंतर थंडी कमी होते, चांगलं ऊन पडते. मंग धोका कमी व्हाले पायजे ना भाऊ?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा आणि सगळ्यात जास्त चुकणारा प्रश्न हाच. आपण बेचाळीस-चव्वेचाळीस अंशांतून जातो. वर निळं आभाळ, कोवळं ऊन, गार वारा. माणसाला वाटतं, आता कशाची भीती? पण तेच ऊन बर्फात पाणी सोडत असतं.

कडक हिवाळ्यात बर्फ आतून शून्याच्या खाली असतो. उन्हाळा चढतो तसा वरपासून तळापर्यंत सगळा थर शून्य अंशावर येऊन टेकतो. यानंतरची प्रत्येक ऊब बर्फाचं पाणी करते. ते पाणी दाण्यादाण्यांमधून खाली झिरपतं आणि दाण्यांना जोडणारे बारीक बर्फाचे सांधे आधी विरघळवतं. एखाद्या घट्ट थरावर किंवा खडकावर ते अडलं की तिथे वंगण घातल्यासारखं होतं. प्रश्न १ मधला साखरेचा थर तळाशी शिल्लक असेल आणि पाणी पहिल्यांदाच तिथवर पोचलं असेल, तर वरचं सगळं ओझं एकदम सुटू शकतं. म्हणून हंगामातले पहिले दोन-तीन कडक उन्हाचे दिवस फार वाईट.

रात्री पुन्हा गारठा पडला की तेच पाणी गोठतं आणि डोंगर सिमेंट केल्यासारखा होतो. म्हणजे पहाटे पाच वाजता ज्या उतारावरून घोडा जाईल, तोच उतार दुपारी एक वाजता माणसाला पेलणार नाही. हिवाळ्यात धोका शेवटचा बर्फ कधी पडला त्यावर मोजतात. उन्हाळ्यात त्याच्या जोडीला घड्याळ पाहावं लागतं.

एप्रिलमधल्या अशाच एका दुपारी आम्ही चौकीबाहेर जेवणाचे डबे घासत बसलो होतो. आभाळात ढगाचा तुकडा नव्हता. समोरच्या धारेखालून टिनाचा पत्रा घासत न्यावा तसा लांबलचक आवाज आला. धूळ उडाली नाही, काही नाही. राखाडी रंगाचा लगदा नाल्यातून सावकाश, बैल चालावा तसा उतरत होता आणि वाटेतली देवदाराची झाडं काडीसारखी मोडत होता. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यावर फावडं मारलं तर खणकन वाजलं.

३. रात्री बर्फ गोठला का नाही, हे आमच्यासारख्याले कसं समजावं?

हे तुम्हाला आधीच येतं. हरभऱ्याच्या दिवसांत आभाळ आलं की आपण म्हणतो ना, ढग आले, थंडी पळाली? बर्फाचंही तेच. रात्रभर चांदण्या दिसत असतील तर जमिनीतली ऊब वर निघून जाते आणि बर्फाचा वरचा थर पक्का गोठतो, हवा शून्याच्या किंचित वर असली तरी. रात्रभर ढग राहिले तर ती ऊब झाकणाखाली अडकते आणि बर्फ सकाळीही ओलाच उरतो. त्यावर पाऊस पडला असेल तर त्या दिवशी तंबूतच थांबा.

फक्त वरच्या पापडीवर विश्वास ठेवू नका. बूट जोरात आपटा. कडक आवाज येऊन बूट वरच राहिला तर ठीक. पापडी फुटून खाली पाय रुतला तर रात्रीचं गोठणं वरवरचं आहे. मूठभर बर्फ घेऊन दाबा. गोळा होत नसेल तर कोरडा. सहज लाडू वळला तर ओल आहे. दाबल्यावर बोटांतून पाणी गळलं तर उतारावरून बाहेर पडायची वेळ आधीच होऊन गेली आहे.

४. मंग निघावं किती वाजता आन परतावं किती वाजता?

चालण्याचा हिशेब उलटा करा. तीव्र उतारावरचं काम ऊन लागायच्या आत संपवायचं. त्यासाठी बहुतेक वेळा पहाटे दोन ते चारच्या दरम्यान निघावं लागतं. आपल्याकडे मे महिन्यात वावरात कामाला जाणारा माणूस पहाटेच निघतो आणि अकराच्या आत घरी येतो. तीच सवय वर न्या.

पूर्वेकडे तोंड असलेल्या उताराला सूर्य उगवताच ऊन लागतं, दक्षिणेकडच्याला दुपारी, पश्चिमेकडच्याला उतरत्या दुपारी. म्हणून "दहा वाजेपर्यंत चालतं" असा एकच नियम नाही. पूर्वेचा उतार आठलाच ओला होऊ शकतो. उत्तरेचा उतार बराच उशिरा बिघडतो, पण त्याच्या तळाशी साखरेचा थर सगळ्यात जास्त दिवस टिकतो.

५. किती उतार असला की धोका?

साधारण ३० ते ४५ अंश. घराचा जिना ३० ते ३५ अंशांचा असतो. म्हणजे डोंगर जिन्याएवढा उभा दिसला की तो कोसळण्याच्या पट्ट्यात आला. त्याहून फार उभ्या कड्यावर बर्फ टिकतच नाही, पडला की लगेच थोडा थोडा घसरून जातो. फोनमध्ये उतार मोजायचं ॲप असतं, काठी उतारावर ठेवून तिच्यावर फोन टेकवला की आकडा येतो.

आता यातली मेख. तुम्ही सपाट जागी उभे आहात म्हणून सुरक्षित नाही. वर जिन्याएवढा उतार असेल तर तिथला बर्फ तुमच्यापर्यंत येतो. नाला, घळ, दोन टेकड्यांमधली अरुंद वाट इथे तर तो गोळा होऊन जास्त खोल साचतो. शिवाय पाण्याने पूर्ण भिजलेला बर्फ ३० पेक्षा कमी उतारावरही चिखलासारखा वाहतो.

६. कोसळायच्या आधी काही खुणा दिसतात का?

दिसतात, आणि बऱ्याचदा डोळ्यांदेखत असतात. शेजारच्या उतारावर ताजं घसरलेलं दिसलं तर तीच सगळ्यात मोठी खूण, कारण ऊन आणि बर्फ दोन्ही उतारांवर सारखेच आहेत. पाय टाकल्यावर "धुप्प" असा पोकळ आवाज येऊन आजूबाजूचा बर्फ बसला, किंवा पायापासून भेग पळत गेली, तर खालचा थर सुटायला लागला आहे. उन्हाळ्यात आणखी एक गोष्ट पाहायची: खडकांजवळून बर्फाचे छोटे गोळे आपोआप गडगडत, चाकासारखे मोठे होत खाली यायला लागतात. पोरं त्याचे व्हिडिओ काढत बसतात. तेव्हा व्हिडिओ काढायचा नसतो, निघायचं असतं.

धारेच्या टोकावर वाऱ्याने बर्फाचा छज्जा तयार होतो. वरून पाहिलं तर जमीनच वाटते, खाली मात्र काही नसतं. उन्हाने तो सैल होतो. त्याच्यावर जाऊ नका, त्याच्या खालीही थांबू नका.

७. जोरात ओरडलं की बर्फ कोसळतो म्हणतात, खरं हाय का?

नाही. ती सिनेमातली गोष्ट. माणसाच्या आवाजात तेवढी ताकद नसते. माणसाचं वजन मात्र पुरतं. अपघातात सापडणाऱ्या बहुतेक गटांवर कोसळलेला बर्फ त्यांच्यापैकीच कुणाच्या तरी पायाने सुटलेला असतो. म्हणून धोक्याचा पट्टा एकेकाने ओलांडायचा, बाकीच्यांनी सुरक्षित जागेवरून पाहत राहायचं. हात धरून रांगेने गेलात तर रांगच्या रांग जाते.

८. टीव्हीवर "ग्लेशियर फुटला" सांगतात. ते हेच ना?

बहुतेक वेळा नाही, आणि या एका शब्दाने फार गोंधळ केला आहे. ग्लेशियर म्हणजे हिमनदी, वर्षानुवर्षं साचून दगड झालेला बर्फ. हिमस्खलन म्हणजे मुख्यतः त्या वर्षीच्या बर्फाची घसरण. २३ एप्रिल २०२१ ला उत्तराखंडच्या सुमना भागात सीमा सडक संघटनेच्या छावणीवर जे आलं ते हिमस्खलन. त्याच वर्षी ७ फेब्रुवारीला त्याच चमोली जिल्ह्यात ऋषीगंगेला जो लोंढा आला त्याचं कारण निराळं होतं. तिथे उंच डोंगराचा खडक आणि त्यावरचा हिमनदीचा बर्फ मिळून तुटला, खाली येताना बर्फाचं पाणी झालं आणि दोनशेवर माणसं मृत किंवा बेपत्ता झाली. अशा घटनेला प्रश्न ४ चं वेळापत्रक लागू पडत नाही.

९. आईले मे महिन्यात केदारनाथले न्यायचं हाय. वाटेवर भीती हाय का?

मंदिराचे दरवाजे (तिकडे "कपाट" म्हणतात) साधारण एप्रिलच्या शेवटी किंवा मेच्या सुरुवातीला उघडतात, तेव्हा लिंचोलीच्या पुढे वाटेच्या दोन्ही बाजूंना बर्फाच्या भिंती असू शकतात. तिथले लोक ज्यांना "कुबेर ग्लेशियर", "भैरव ग्लेशियर" म्हणतात त्या खरं तर वरून बर्फ उतरायच्या नाळा आहेत. वाट त्या नाळा ओलांडून जाते. तिथे बसायचं नाही, घोड्याची वाट पाहायची नाही, फोटो नाही. बर्फ साफ करणारे लोक किंवा पोलीस थांबवतील तर थांबा, "आमचं परतीचं रिझर्वेशन आहे" म्हणून वाद घालू नका.

आईची काळजी असेल तर पंधरा-वीस दिवस उशिरा न्या. बर्फही कमी होतो आणि गर्दीची पहिली लाटही ओसरते. हेमकुंडला जात असाल तर अटलाकोटीचा बर्फ जूनमध्येही उभा असतो, तिथे हाच नियम. काळा चष्मा मात्र दोन्हीकडे हवाच. बर्फावरून परतणारा उजेड डोळे भाजून काढतो.

१०. ट्रेकवाल्या कंपनीनं सगळं सेफ हाय सांगतलं. भरवसा ठेवावा का?

विचारा, मग ठेवा. शेवटच्या चढाईला निघणार किती वाजता? परतायची वेळ ठरलेली आहे का, आणि त्या वेळेला शिखर दहा मिनिटांवर असलं तरी माघारी फिरवता का? गेल्या तीन-चार दिवसांत नवा बर्फ पडला का? गटाकडे फावडी आहेत का? उत्तरं तोंडपाठ नसतील तर समजून घ्या.

दोन वर्षांपूर्वी आमच्या गावची सहा पोरं एका कंपनीबरोबर एप्रिलमध्ये उत्तराखंडात गेली होती. शिखराच्या दिवशी नाश्त्याला उशीर झाला म्हणून साडेसहाला निघाले. वर पोचले साडेअकराला. उतरताना मांडीपर्यंत रुतत होते, एकाचा बूट बर्फात राहिला, तो पिशवी बांधून खाली आला. काही झालं नाही. पोरं हसत हसत सांगत होती, मला मात्र घाम फुटला. बूट गेला तो उतार त्यांनी फोनमध्ये दाखवला, जिन्यापेक्षा उभा होता.

साधी खूणगाठ: उतारावर घोट्याच्या वर पाय रुतायला लागला की कमी उताराची वाट धरायची. गुडघ्यापर्यंत वाट पाहायची नाही.

११. आम्ही गाडीतूनच बर्फ पाहणार, डोंगर चढणार नाही. आम्हाला काय?

४ एप्रिल २०२३ ला सिक्कीममध्ये गंगटोकहून नाथू लाला जाणाऱ्या जवाहरलाल नेहरू मार्गावर दुपारच्या सुमाराला बर्फ आला आणि सात पर्यटक गेले. ते गिर्यारोहक नव्हते. रस्त्यालगत बर्फात उतरलेले लोक होते. नाळेच्या तोंडाशी गाडी लावून खेळू नका. रस्त्यावर बर्फाचा जुना, मातकट ढीग दिसला तर तिथे आधी एकदा येऊन गेला आहे, हे समजा.

१२. सापडलोच तर काय करावं?

बाजूला पळता आलं तर पळा, खाली पळू नका. कोरडा बर्फ ताशी शंभर किलोमीटरच्या वर जातो. ओला सावकाश येतो पण जड असतो. काठ्या मनगटात अडकवून चालायची सवय असेल तर ती धोक्याच्या पट्ट्यात आधीच सोडा, कारण काठ्या माणसाला खाली ओढतात. वाहताना जमेल तसं वर राहायची धडपड करा आणि वेग मंदावतोय असं वाटलं की हात तोंडापुढे आणून श्वासापुरती जागा करा. थांबल्यावर बर्फ आवळतो. मग बोटही हलवता येत नाही.

१३. सोबती गाडला गेला तर मदत येईपर्यंत थांबावं का?

नाही. मदत म्हणजे तुम्हीच. बर्फात गाडलेली बहुतेक माणसं गुदमरून जातात. पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत बाहेर काढलं तर बहुतेक जगतात, अर्ध्या तासानंतर थोडेच उरतात. हेलिकॉप्टर एवढ्या वेळात येत नाही. एकाने ११२ ला किंवा खालच्या कॅम्पला कळवायचं, बाकीच्यांनी तो शेवटचा दिसला तिथून खालच्या बाजूला शोधायचं. टोपी, काठी, बर्फाबाहेर आलेला हात, काहीही.

छातीला बांधायचं बीकन, म्हणजे रेडिओ संदेश सोडणारं आणि पकडणारं छोटं यंत्र, असेल तर शोध मिनिटांवर येतो. जगभर ते ४५७ किलोहर्ट्झवरच चालतं, म्हणून कोणत्याही कंपनीचं बीकन दुसऱ्याला ऐकतं. शोधताना मोबाइल त्यापासून हातभर दूर ठेवा, नाहीतर ते गोंधळतं. जागा सापडली की लांब सळईने टोचून खात्री करायची, मग फावडं. हाताने खणता येत नाही. एक घनमीटर ओला बर्फ चार-पाच क्विंटल भरतो, म्हणजे तुरीची चार-पाच पोती, तीही दगड झालेली.

१४. पण सियाचीनमध्ये एक जवान सहा दिवसांनी जिवंत निघाला होता ना?

हो. ३ फेब्रुवारी २०१६ ला सोनम चौकीवर बर्फ कोसळून दहा जवान गाडले गेले. लान्सनायक हणमंतप्पा कोप्पड सहा दिवसांनी जिवंत सापडले आणि ११ फेब्रुवारीला दिल्लीत त्यांचं निधन झालं. बाकीचे नऊ तिथेच गेले. श्वासाला हवेची पोकळी मिळाली तर असं क्वचित घडतं. म्हणून शोध लवकर थांबवू नये. पण मिनिटांचा हिशेब प्रश्न १३ मधलाच धरून चालायचं.

१५. पहाटे निघाले तरी लोक मरतात. मंग तुमचा घड्याळाचा नियम खोटा का?

अर्धवट आहे, खोटा नाही. तो ऊन लागून ओल्या होणाऱ्या बर्फाचा नियम आहे. नुकताच भरपूर बर्फ पडला असेल तर वजनानेच थर तुटतो, त्याला सूर्य लागत नाही. २८ फेब्रुवारी २०२५ ला माणा गावाजवळ मजुरांच्या छावणीवर पहाटेच बर्फ आला. ५४ पैकी आठ जण गेले. त्याआधी तिथे जोरदार हिमवृष्टी सुरू होती. ४ ऑक्टोबर २०२२ ला द्रौपदी का दांडा या शिखरावर उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेच्या तुकडीवर सकाळीच कोसळला आणि २९ जण गेले. तो तर उन्हाळाही नव्हता.

एप्रिलमध्येही ताजा बर्फ पडतो. पडून थांबल्यावर निदान एक-दोन दिवस तीव्र उतार सोडा, वारा असेल तर जास्त. वारा एका बाजूचा बर्फ उचलून दुसऱ्या बाजूला रचतो आणि न पडताच तिथे हातभर थर चढतो.

१६. आपल्याकडे गारपीट झाली की तिकडे बर्फ पडते का?

बरेचदा दोन्हीमागे एकच पाहुणा असतो, पश्चिमी विक्षोभ. भूमध्य समुद्राकडून येणारी ही प्रणाली हिमालयात बर्फ टाकते. तिचा पसारा दक्षिणेकडे वाढला आणि बंगालच्या उपसागरातलं बाष्प आपल्याकडे आलेलं असलं, की काढणीला आलेला गहू झोपतो. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये काय झालं ते संत्रावाल्यांना विचारा. म्हणून इथे गार पडली आणि तुम्ही त्याच आठवड्यात हिमाचलला निघाला असाल, तर तिथला अंदाज एकदा पाहूनच निघा.

१७. इशारे कुठे पाहायचे?

हिमस्खलनाचा अंदाज चंदीगडची डीजीआरई ही डीआरडीओची संस्था काढते. मनालीत १९६९ ला सुरू झालेली "सासे" ही बर्फ आणि हिमस्खलनाचा अभ्यास करणारी जुनी संस्था २०२० मध्ये तिच्यातच सामावली. अंदाज जिल्ह्यावार आणि उंचीवार असतो, धोक्याच्या पातळ्या एक ते पाच. "तीन" म्हणजे मधलं, म्हणून चालेल, असं वाचू नका. तीनला माणसाच्या वजनाने बर्फ सुटू शकतो. मोबाइलवर दिसणारं तापमान बहुतेक वेळा खालच्या गावाचं असतं.

१८. चिखलदऱ्याला कधी बर्फ पडेल का?

नाही. एखाद्या हिवाळ्यात दव गोठतं तेवढंच. व्हॉट्सॲपवर येतात ते गारांचे फोटो.

१९. भाऊ वर ड्युटीवर हाय. पाच दिवस झाले, फोन लागत नाही. टीव्हीवर हिमस्खलन दाखवून राह्यले.

वर बर्फ सुरू झाला की सगळ्यात आधी फोन जातो. टॉवरची वीज जाते, तार तुटते, कधी चौकीतून दहा पावलं बाहेर पडता येत नाही. इशारा आला की हालचाल बंद करतात, माणसं आत बसून राहतात. काही वाईट झालं तर युनिट आधी घरी कळवते, टीव्ही नंतर सांगतो. पलटणीच्या मागच्या ठाण्याचा नंबर घरी लिहून ठेवला असेल तर तिथे विचारा, रात्री-बेरात्री विचारलं तरी कुणी रागवत नाही.

आमचा फोन एकदा अकरा दिवस बंद होता. लागला तेव्हा माय पलीकडे गप्पच होती, थोडा वेळ नुसता श्वास ऐकू येत होता. मग म्हणाली, हरभरा काढून झाला, सहा पोते झाले.